एका ट्रकला दोन इंजिनं

जानेवारी 1988, नायजरचं वाळवंट. पॅरिस-डकार रॅलीत फिनलंडचा आरी वातानेन पूजो 405 टर्बो 16 पळवतोय. रॅलीसाठीच बांधलेली ही गाडी त्या वर्षी सगळ्यांना धाक घालत होती. तिच्या बाजूने धुळीचा लोट येतो, त्या लोटातून डाफ कंपनीचा एक ट्रक बाहेर पडतो आणि बघता बघता तिला मागे टाकतो. वेग ताशी 200 किलोमीटरच्या घरात. ट्रकचं वजन साडेदहा टन.

चित्रीकरण उपलब्ध आहे म्हणून ठीक, नाहीतर ही नुसती थाप वाटली असती.

ट्रक चालवत होता यान दे रोय, हॉलंडमधल्या वाहतूक व्यवसायातला माणूस. ताकद वाढवायची म्हणजे साधारण लोक मोठं इंजिन शोधतात; याने दोन बसवली. 1984 साली तर त्याने दोन तोंडांचाच ट्रक उतरवला होता: पुढे एक केबिन, मागे उलट्या तोंडाची दुसरी, आणि प्रत्येकीचं इंजिन वेगळं. दिसायला तो प्रकार विनोदीच होता, पण मुद्दा दे रोयला सापडला होता. 1988 च्या ‘टर्बोट्विन’मध्ये 11.6 लिटरची सहा सिलिंडरी दोन डिझेल इंजिनं होती, एक पुढचा अ‍ॅक्सल ओढणारं आणि दुसरं मागचा ढकलणारं. प्रत्येकाला तीन-तीन टर्बो. एकूण ताकद 1,200 हॉर्सपॉवरच्या वर. शून्यावरून 100 चा वेग गाठायला साडेआठ सेकंद.

कौतुक सगळं या आकड्यांचंच होतं. खरा आकडा मात्र माहितीपत्रकात छापत नाहीत, तो आपला आपण मांडावा लागतो. साडेदहा टनांचं धूड ताशी 50 किलोमीटरने जात असेल तर त्याच्या अंगात साधारण 10 लाख जूल ऊर्जा असते. वेग चौपट करून 200 वर न्या, ऊर्जा सोळा पट होते: 1 कोटी 60 लाख जूल. थांबायची वेळ आली की ती सगळी ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडायला हवी. ट्रक उलटला तर ती केबिनच्या पत्र्यात आणि आतल्या माणसांत जिरते. त्याच रॅलीत दे रोयच्या संघाचा दुसरा जुळा ट्रक भरवेगात उलटला आणि सहप्रवासी कीस फान लुव्हेझेन ठार झाला. डाफने माघार घेतली. पुढच्या वर्षीच्या रॅलीत ट्रकांना स्पर्धक म्हणून जागा नव्हती. ट्रक परतले 1990 मध्ये, दोन इंजिनांना मात्र कायमची रजा मिळाली.

त्यानंतर डकारचे नियम ताकदीला नव्हे, लिटरला धरून आवळत गेले. डकारमध्ये वर्षानुवर्षं वर्चस्व गाजवणाऱ्या रशियाच्या कामाझने आधी 18 लिटरच्या आसपासचं व्ही-8 वापरलं. मर्यादा खाली आली तसं 16 लिटरचं बसवलं, आणि शेवटी 13 लिटरचं सहा सिलिंडरी. म्हणजे दोन वेळा इंजिन बदललं, दरवेळी आधीच्यापेक्षा लहान, आणि तरी ताकद साडेआठशेवरून साडेनऊशेच्या वर! टर्बोचा दाब आणि डिझेलची फवारणी इतकी सुधारली होती, की लिटर कापून काही साधेना. आयोजकांनी ट्रकांना ताशी 140 ची वेगमर्यादाही घातली. माझ्या मते हे शहाणपण कितीतरी आधी सुचायला हवं होतं.

स्पर्धा सोडा. 2021 चं मॉडेल म्हणून अमेरिकेत रॅम 1500 टीआरएक्स नावाचा पिकअप ट्रक दुकानात आला. मागे हौदा, पाच माणसांची केबिन, वजन पावणेतीन टनांच्या वर, आणि बॉनेटखाली डॉज चॅलेंजर हेलकॅट या गाडीचं 6.2 लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही-8. म्हणजे कंपनीनेच केलेला इंजिन स्वॅप. 702 हॉर्सपॉवर. फोर्डने रॅप्टर आर काढून 700 ने उत्तर दिलं आणि वर्षभराने ते 720 केलं. अठरा-वीस हॉर्सपॉवरसाठी चाललेली ही ईर्ष्या बघून हसू येतं.

टीआरएक्सच्या इंजिनाचा श्वास मोजून बघू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा घेतं. मिनिटाला 6,000 फेरे धरले तर 18,600 लिटर. सुपरचार्जर तीच हवा पावणेदोन पट दाबून कोंबतो, म्हणजे बाहेरून ओढली जाते 30,000 लिटरच्या वर. शांत बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. चार हजार प्रेक्षकांनी भरलेलं सभागृह जेवढा श्वास घेईल तेवढा हा एक ट्रक घेतो. आणि हा सुपरचार्जर फिरवण्यातच इंजिनाची 80 हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद खर्ची पडते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं अख्खं इंजिन 60 हॉर्सपॉवरचं होतं. पुढे महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली ती विलीजचीच जीप. तिच्याच घराण्यातल्या, नाशिकला तयार होणाऱ्या 2020 च्या पेट्रोल थारचं इंजिन 150 हॉर्सपॉवरचं.

घरच्या गॅरेजात इंजिन बदलणाऱ्यांची पंढरी म्हणजे जनरल मोटर्सचं ‘एलएस’. 1997 साली कॉर्व्हेट गाडीत आलेल्या या व्ही-8 चा कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आतच असतो, त्यामुळे माथा अरुंद आणि कुठल्याही बॉनेटखाली मावणारा. पुढे त्याचे भाऊबंद लाखो पिकअप ट्रकांत बसले आणि तिथून भंगार बाजारात आले. इंजिन स्वस्तात मिळतं. नंतरची यादी मात्र लांबत जाते: माउंटिंग, वायरिंग, ईसीयू, रेडिएटर, गिअरबॉक्सची जोडणी, प्रोपेलर शाफ्ट. फोर-व्हीलमध्ये तर इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर आणि पुढच्या अ‍ॅक्सलचं क्राउन यांच्यात जेमतेम फट उरते. ट्रक खड्ड्यात आदळला, स्प्रिंग पूर्ण दबली, की क्राउन थेट चेंबरला जाऊन भिडतं. म्हणून चेंबर कापून उथळ करतात. मग चढावर सगळं ऑइल मागे पळतं, पंपाच्या नळीला हवा लागते आणि काही सेकंदांत बेअरिंग जातं. 300 हॉर्सपॉवर अशी पसाभर ऑइलपायी वाया जाते.

या सगळ्यावर कडी केली डॉज आणि रॅमसाठी सुटे भाग विकणाऱ्या मोपारने. ‘हेलिफंट’ इंजिन: सात लिटर, 1,000 हॉर्सपॉवर, पेटीत बंद, किंमत 29,995 डॉलर. एप्रिल 2019 मध्ये ऑर्डर सुरू झाली आणि दोन दिवसांत माल संपला. गिअरबॉक्स त्यात नाही. कंपनीने सांगितलेला वापर: 1976 पूर्वीच्या रस्त्यावरच्या आणि ऑफ-रोड गाड्या. त्यातल्या 1970 च्या शेवरोले सी-10 पिकअपला कारखान्यातून चारही चाकांना ड्रम ब्रेकच येत. पुढच्या चाकांना डिस्क नेमाने मिळू लागल्या त्या 1971 पासून.