उष्टावणाचा मुहूर्त आणि बाळाची भूक

शहापूर-मुरबाडकडील आपल्या घरांतून उष्टावणासाठीं अजून पंचांग काढतात. त्यांत वावगें कांहींच नाहीं. घोटाळा होतो तो सम-विषम मासांच्या संकेतानें. मुलीला पांचव्यांतच अन्न भरवितात. मुलाचा सहावा हुकला, कीं थेट आठव्याची वाट पाहतात. सुश्रुतसंहितेंत सहावा मास सांगितला आहे. हा भेद तेथें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं सहा मास पूर्ण होईपर्यंत केवळ आईचें दूध, पाणीसुद्धां नको, असें सांगितलें. त्यापुढें मात्र दुधांतील लोह बाळास पुरत नाहीं. म्हणून समारंभ आठव्यांत खुशाल करावा, घांस सातवा लागतांच द्यावा.

तो घांस पातळ पेजेचा नसावा. पेजेनें पोट भरतें, अंग भरत नाहीं. मऊ भात-मुगाचें वरण तूप घालून, किंवा माळशेजच्या पायथ्याच्या नाचणीचें सत्त्व शिजवून, चमच्यावरून ओघळणार नाहीं इतकें दाट द्यावें. वर्षाच्या आंत मध नको. जातकर्मांतील बोटभरहि नको, मग आजीबाई रागावल्या तरी चालेल! लोहाचें पातळ औषध आशाताईंकडे मागावें. आईचें दूध दोन वर्षें चालूंच ठेवावें.

डब्यांतील भुकटी आईचें दूध खरोखरच पुरत नसेल तरच, तीहि डॉक्टरांस विचारून. १९९२ च्या कायद्यानें तिच्या जाहिरातीस बंदी आहे. पाणी उकळलेलें, माप डब्यावर छापलेलें तेंच. डबा महाग म्हणून एका चमच्यास दुप्पट पाणी घातलें, तर बाळ बाटली रिकामी करूनहि उपाशी राहतें.