समुद्र आतून पोखरतो तेव्हा...

५ जुलै १९८६ रोजी पणजीजवळचा मांडवी नदीवरील पूल कोसळला. १९७० मध्ये बांधलेला हा पूल जेमतेम सोळा वर्षे टिकला. काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या, हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते. मुंबई आणि नवी मुंबई यांना जोडणाऱ्या ठाणे खाडीवरील १९७३ च्या पहिल्या पुलालाही याच रोगाने ग्रासले आणि त्याच्यावर मोठ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. या दोन्ही पुलांच्या पायाशी रोज दोनदा भरतीचे खारे पाणी येते. बंदरातील धक्के, जेट्ट्या, समुद्राकाठच्या संरक्षक भिंती आणि खाडीवरचे पूल यांचे आयुष्य याच पाण्याशी बांधलेले असते.

काँक्रीट हे वास्तविक पोलादाचे चांगले संरक्षक कवच आहे. ताज्या काँक्रीटमधील तीव्र अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म थर तयार होतो आणि तो गंजाला दूर ठेवतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मात्र सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपत राहते. सळईपर्यंत ते पुरेशा प्रमाणात पोहोचले की हा संरक्षक थर फुटतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने आतून दाब वाढतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात आणि अखेरीस खपल्या पडू लागतात. म्हणजे तडा डोळ्यांना दिसतो, तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो.

सर्वाधिक नुकसान खोल पाण्यात होत असेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात उलट घडते. सतत बुडालेल्या भागात प्राणवायू कमी पोहोचतो, त्यामुळे तेथील सळया तुलनेने सावकाश गंजतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि लाटांचे तुषार उडतात त्या भागात मात्र काँक्रीट कधी ओले तर कधी कोरडे होते. पाणी वाळते, मीठ मागे राहते आणि हवाही मिळते. म्हणूनच ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत भरतीच्या पट्ट्यातील बांधकाम ‘अतितीव्र’ गटात मोडते आणि त्यासाठी सळईवर ७५ मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. सौम्य वातावरणात हेच आवरण २० मिलिमीटर पुरते.

तपासणीचे वेळापत्रक पंचांगाशी जुळवून घ्यावे लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी सर्वात खाली जाते, तेव्हा अभियंते होडीतून धक्क्याच्या खाली शिरतात. हातोडीने ठोकत जाताना भरीव काँक्रीट खणखणीत वाजते. आतून सुटलेला भाग बद्द आवाज देतो. ही पद्धत जुनी असली तरी आजही विश्वासाची आहे. त्यानंतर सळईचे विद्युत विभव मोजले जाते. तांबे व मोरचूद यांच्या प्रमाण विद्युतअग्राच्या तुलनेत ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर त्या जागी गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. निरनिराळ्या खोलीवरील काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइड कुठवर पोहोचले, तेही तपासले जाते.

पाण्याखालचे काम पाणबुड्यांचे. आधी संपूर्ण खांबावरून नजर आणि हात फिरवायचा, मग निवडक जागी शेवाळ आणि कालवे खरवडून पृष्ठभाग उघडा करायचा आणि शेवटी मोजक्या ठिकाणी ध्वनिलहरींनी पोलादाची जाडी मोजायची, असे तीन टप्पे सर्वसाधारणपणे असतात. गढूळ खाडीत हात लांब केला तर बोटेही दिसत नाहीत, तेव्हा बरीचशी तपासणी स्पर्शानेच होते. छायाचित्र हवे असल्यास कॅमेऱ्यापुढे स्वच्छ पाण्याने भरलेली पारदर्शक पेटी धरतात. समुद्रतळाची पाहणीही तितकीच महत्त्वाची असते. लाटा आणि प्रवाह पायाजवळची वाळू व दगड उपसून नेतात आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत एखाद्या उधाणात खचते.

दुरुस्तीत सर्वाधिक चूक होते ती वरवरच्या मलमपट्टीची. पडलेल्या खपलीच्या जागी गिलावा भरला की काम सुंदर दिसते; पण क्लोराइड आतच राहते. एवढेच नव्हे, नव्या मसाल्यातील सळई सुरक्षित झाल्यावर लगतच्या जुन्या, खारावलेल्या भागातील सळई अधिक वेगाने गंजू लागते. दोन-तीन वर्षांत ठिगळाभोवती नवे तडे दिसतात आणि पुन्हा निविदा निघते. योग्य पद्धतीत दूषित काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडतात, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सर्व स्वच्छ करतात, झिजलेल्या सळईला नवी जोड देतात आणि मगच दाट, कमी सच्छिद्र काँक्रीट भरतात. खांबांभोवती साचा बसवून काँक्रीटचा नवा वेढाही दिला जातो.

गंजाची विद्युतरासायनिक क्रिया रोखण्याचा मार्ग त्याहून मूलगामी आहे. पोलादाला जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे तुकडे जोडले की ते स्वतः झिजतात आणि पोलाद वाचते. ही कल्पना हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर वापरली. जहाजाच्या तळावरील तांब्याचा पत्रा त्यामुळे झिजेना. पण विरघळणारे तांबेच सागरी जीवांना दूर ठेवत होते. ते थांबताच तळाला शिंपल्यांची दाट पुटे चढली आणि जहाजे मंदावली. समुद्रात कोणताही उपाय एकटा येत नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

मुंबईने गेल्या काही वर्षांत समुद्रात बरेच काही उभारले. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला, तर जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू. उद्घाटनाच्या फिती कापताना गर्दी होते. ओहोटीच्या वेळी खांब ठोकून पाहणाऱ्याकडे कोणाचे लक्ष नसते. मात्र या सेतूंचे आयुष्य शंभर वर्षांचे ठरणार की सोळा वर्षांचे, हे बरेचसे त्याच्या हातोडीवर आणि त्याच्या अहवालाची वेळेवर दखल घेण्यावर अवलंबून आहे.