मुका मार आणि भरपाईचा हक्क

खालापूर टोलनाक्याच्या रांगेत उभ्या असलेल्या गाडीला मागून दुसरी गाडी धडकते. बंपरला पोचा पडतो, माणसं खाली उतरतात, थोडी बाचाबाची होते. मागचा माणूस चार-पाच हजार रुपये काढून देतो आणि सगळे आपापल्या वाटेला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गाडीतल्या बाईंना मान वळवता येत नाही. एक्स-रे काढला जातो. हाड शाबूत असतं. घरातलं कुणीतरी सांगतं, "मुका मार आहे, शेक दे, जाईल दोन दिवसांत."

हा 'मुका मार' शब्दच घात करतो. मागून धक्का बसतो तेव्हा सीटबरोबर धड पुढे ढकललं जातं, डोकं क्षणभर मागे राहतं आणि मग चाबकाच्या टोकासारखं पुढे फेकलं जातं. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. ताण पडतो तो स्नायूंवर आणि अस्थिबंधांवर, कधी मणक्यांमधल्या चकत्यांवरही. एक्स-रेत दिसतात ती हाडं, अस्थिबंध नव्हेत. दुखणं काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे पोचा केवढा पडला यावरून मानेची दुखापत ठरवता येत नाही. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा पायातली ताकद गेल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

भरपाई मागायची कुणाकडे, इथेही गोंधळ असतो. स्वतःच्या पॉलिसीतल्या पंधरा लाखांच्या अपघात विम्याकडे अनेकांचे डोळे लागतात. पण तो गाडी चालवणाऱ्या मालकासाठी असतो आणि मृत्यू किंवा ठरावीक कायमचं अपंगत्व आलं तरच मिळतो. आखडलेल्या मानेला त्यातून काही मिळत नाही. दावा करायचा तो धडक देणाऱ्या गाडीचा चालक, मालक आणि तिच्या थर्ड पार्टी विमा कंपनीवर, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात परगावी झाला म्हणून तिथेच खेटे घालावे लागत नाहीत. दावेदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो.

'मागच्याचीच चूक' हे तर रस्त्यावरचं ब्रह्मवाक्य. ते बऱ्याच अंशी खरं आहे. ट्रकवर मागून आदळलेल्या मारुती गाडीच्या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की दहा-पंधरा फूट हे सुरक्षित अंतर नव्हे. पण कोइम्बतूरजवळ २०१७ साली एका कारचालकाने महामार्गावर कोणताही इशारा न देता अचानक ब्रेक दाबला, मागून येणारा मोटारसायकलवरचा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि बसखाली त्याचा पाय गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या कारचा दोष ५० टक्के धरला, बसचा ३० आणि त्या तरुणाचा २०. म्हणजे दोष वाटला जातो आणि आपल्या वाट्याइतकीच रक्कम कापली जाते.

उपचार मेडिक्लेममधून झाले, आता दावा कसला, असंही लोक समजतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये नेमका हाच प्रश्न निकाली काढला: मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही. हप्ता भरून घेतलेल्या संरक्षणाचा फायदा धडक देणाऱ्याला का मिळावा? न्याय्यच निकाल.

रक्कम किती, याला कोणताही ठरीव दरतक्ता नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने दिशा घालून दिली आहे. साध्या दुखापतीत मिळतो तो उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई आणि वेदनेपोटी काही रक्कम. पुढच्या कमाईचं नुकसान मागायचं तर कायमच्या अपंगत्वाचा वैद्यकीय पुरावा लागतो. आणि अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईतल्या तोट्याची टक्केवारी नव्हे. न्यायालयाने हात गमावलेल्या माणसाचं उदाहरण दिलं: सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याचा धंदाच बुडतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. पाठीचंही तसंच. मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या हमालाची कंबर आणि टेबलाशी बसणाऱ्याची कंबर डॉक्टरांच्या कागदावर सारखी असेल, पोटापाण्याच्या हिशेबात नसते.

दावे ढासळतात ते बहुधा कागदांअभावी. पंधरा दिवसांनी गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, इतके दिवस कुठे होता? म्हणून दुखायला लागताच डॉक्टरांकडे जावं आणि केसपेपरवर 'गाडीला मागून धडक' असं लिहून घ्यावं. नुसतं 'मानदुखी' लिहिलेला कागद अपघाताशी सांधा जोडत नाही. फिजिओथेरपीच्या पावत्या, रिक्षाभाडं, रजेचा दाखला एका पाकिटात तारखेवार ठेवावेत. पोलिसांत नोंद करावी, समोरच्या गाडीचा नंबर आणि विम्याच्या कागदाचा फोटो तिथेच घ्यावा. चार हजार घेऊन 'तक्रार नाही' अशा कागदावर रस्त्यातच सही करू नये.

आणि मुदत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. कॅलेंडरवर अपघाताच्या तारखेला खूण करा आणि पाचवा महिना संपण्याआधी वकिलाला भेटा.