होमाई व्यारावाला : विद्यार्थिदशेतील छायाचित्रे आणि त्यापुढची वाटचाल

होमाई व्यारावाला यांचे नाव घेतले की सत्तांतराच्या काळातील दिल्ली, लाल किल्ला आणि पंडित नेहरू यांची छायाचित्रे आठवतात. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार अशी त्यांची ओळख याच कामामुळे झाली. चौकटीत काय घ्यायचे आणि बटण केव्हा दाबायचे, ही त्यांची जाण मात्र त्याआधीच, १९३०च्या दशकातील मुंबईत तयार झाली होती.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीत एका पारशी कुटुंबात झाला. वडील उर्दू-पारशी रंगभूमीवरील नट असल्याने बालपण फिरत्या नाटक कंपनीबरोबर गेले. शिक्षण मुंबईत झाले. १९२६ मध्ये पुढे त्यांचे पती झालेले माणेकशॉ व्यारावाला यांच्याशी ओळख झाली. माणेकशॉ पुढे टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाचे काम पाहत आणि छायाचित्रण स्वतःच्या हिमतीवर शिकलेले होते. कॅमेरा हाताळणे, फिल्म धुणे हे होमाई त्यांच्याकडून शिकल्या. सेंट झेवियर्स महाविद्यालयाबरोबरच सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही त्यांचे शिक्षण झाले. तंत्र घरच्या गुरूकडून आणि रेखाटनाची तालीम कलाशाळेत, अशी दुहेरी शिकवण त्या काळी फार थोड्या छायाचित्रकारांना लाभली असेल.

जे. जे.तील त्यांची छायाचित्रे मुख्यतः सहाध्यायिनींची आहेत. स्टुडिओतील स्त्रीचे छायाचित्र तेव्हा ठरावीक असे : मागे रंगवलेला पडदा, शेजारी तिवई, अंग ताठ आणि नजर थेट भिंगाकडे. होमाईंच्या मैत्रिणी वर्गात, आवारात, सहलीत दिसतात. त्या आपापल्या कामात किंवा विचारात असतात. जागेची रचनाही चित्राचा भाग होते, प्रकाश बाजूने आला की चेहऱ्याला आणि साडीच्या चुण्यांना उठाव मिळतो. ‘लाइफ’ साप्ताहिकाचे जुने अंक तेव्हा त्यांच्या पाहण्यात येत, आणि त्यांतील आधुनिक छायाचित्रणाचा प्रभाव या चित्रांवर आहे. तरीही ही नक्कल ठरत नाही. शहरात मोकळेपणाने वावरणारी, शिकणारी भारतीय तरुणी हा विषय त्या अंकांत नव्हता. तो होमाईंच्या आजूबाजूला होता आणि त्यांनी तो ओळखला.

त्यांच्या रचनेचा विचार करताना रोलायफ्लेक्सचा उल्लेख टाळता येत नाही, कारण या कॅमेऱ्याने त्यांना दीर्घकाळ साथ दिली. त्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात : वरचे पाहण्यासाठी, खालचे चित्र घेण्यासाठी. कॅमेरा पोटाशी किंवा छातीशी धरून मान खाली घालून घाशीव काचेत पाहावे लागते. दृष्टीची पातळी उतरल्याने समोरची माणसे किंचित उंच, भारदस्त दिसतात आणि त्यांच्या मागे आकाश किंवा भिंत मोकळी मिळते. काचेतील प्रतिमेत डावे-उजवे उलटलेले असते, म्हणून चालत्या माणसाचा पाठलाग करताना नवशिक्याचा हात हमखास चुकीच्या दिशेला वळतो. यावरचा उपाय म्हणजे आधी चौकट ठरवणे आणि माणूस तिच्यात येण्याची वाट पाहणे. सहा सेंटिमीटरच्या चौरस निगेटिव्हमध्ये उभे-आडवे असा भेद नसतो. समतोल कर्णरेषांनी आणि रिकाम्या जागेने साधावा लागतो. १२० क्रमांकाच्या एका रोलवर चित्रे फक्त १२. त्यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी थांबण्याची सवय लागते, आणि होमाईंच्या चित्रांत ती सतत जाणवते.

१९३८ मध्ये मुंबईतील एका महिला क्लबच्या सहलीची त्यांची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली. मोबदला होता चित्रामागे एक रुपया. होमाई अपरिचित, शिवाय स्त्री, म्हणून सुरुवातीची बरीच चित्रे माणेकशॉंच्या नावाने प्रसिद्ध झाली. या चित्रांचे श्रेय आज आवर्जून होमाईंच्या पदरात घातले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘इलस्ट्रेटेड वीकली’ने त्यांच्या कामाला जागा दिली, आणि एकेका चित्राऐवजी चित्रमालिकेतून विषय मांडण्याचा सराव त्यांना झाला.

१९४२ मध्ये ब्रिटिश माहिती सेवेतील नोकरीसाठी व्यारावाला दांपत्य दिल्लीला गेले. तेथे स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा आणि फ्लॅशचे दिवे आले. एक दिवा एकदाच पेटतो. तो बदलेपर्यंत प्रसंग निघून जातो. अशा वेळी मुंबईत मुरलेला संयम उपयोगी पडला. पालम विमानतळावर बहिणीची, विजयालक्ष्मी पंडित यांची वाट पाहणारे नेहरू आणि त्यांच्याजवळच छायाचित्रणास सक्त मनाई करणारा फलक, हे त्यांचे प्रसिद्ध चित्र केवळ चौकटीमुळे उभे राहते. नेहरूंच्या चेहऱ्यापुरतेच चित्र घेतले असते तर ते एक चांगले व्यक्तिचित्र झाले असते; फलक आत घेतल्याने त्यात प्रसंगाची गंमत आली. ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे नेहरू त्यांनी विमानात टिपले, तेव्हाही जवळून पाहणारी पण विषयाला न अवघडवणारी तीच नजर कामी आली.

१९१३ हे जन्मवर्ष, तेराव्या वर्षी झालेली पतीची भेट आणि पहिल्या मोटारीचा ‘डीएलडी १३’ हा क्रमांक यांवरून त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतले. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि बेशिस्त सहन न झाल्याने १९७०च्या सुमारास त्यांनी व्यवसाय सोडला व नंतर कॅमेराही बाजूला ठेवला. २००६ मध्ये सबीना गडिहोक यांचे त्यांच्यावरील पुस्तक आले. संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे गेला, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरले आणि २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.