आईच्या पोथीतल्या चुका

पावसाळ्यात आंबोलीला जाऊन आलेल्या एका वाचकाने फोटो पाठवला आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात काढलेला. एकाच झुडपावर, हातभर अंतराने बसलेले दोन चिमुकले बेडूक. दोघेही तपकिरी, दोघांच्याही बोटांच्या टोकांना चकत्या. प्रश्न साधा आहे : ‘हे सख्खे की चुलत?’

नुसत्या फोटोवरून बेडकाची ओळख पटवायची नाही, असा माझा नियम आहे. पण आंबोलीत शेजारी-शेजारी भेटू शकणाऱ्या दोन झुडपी बेडकांची गोष्ट सांगतो. एक ‘राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस’. दुसरा ‘स्यूडोफिलॉटस अंबोली’, थेट गावाचंच नाव मिरवणारा. बिजू आणि बॉसाइट यांनी २००९मध्ये त्याचं बारसं केलं, पुढे त्याची कुळी, म्हणजे ‘जीनस’, बदलली. दोघांच्याही घरात बेडूकमासा ही अवस्थाच नाही. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. एवढं साम्य असूनही या अंबोलीकराची भावकी बघायची तर समुद्र ओलांडावा लागतो. त्याच्या कुळीच्या सत्तरहून अधिक प्रजाती श्रीलंकेत आहेत. भारतात मोजून दोन-चार.

हे कळलं ते मुख्यतः डीएनएवरून, आणि या कामाची सुरुवात बहुतेक वेळा तंतुकणिकांपासून होते. तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, हे पेशीचं ऊर्जाकेंद्र, असं आपण दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. इथे महत्त्वाचं एवढंच, की त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो. केंद्रकातला डीएनए दर पिढीला पत्त्यांसारखा पिसला जातो, हा मात्र आईकडून लेकीकडे जसाच्या तसा जातो. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा आहे आणि बेडकांतही त्याचा आवाका साधारण तेवढाच. शिवाय एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे बोटाच्या टोकाचा कणही तपासणीला पुरतो.

‘जसाच्या तसा’ म्हणालो, पण नक्कल करताना चुका होतातच. वेस्ली ब्राऊन, मॅथ्यू जॉर्ज आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १९७९मध्ये दाखवलं, की प्राण्यांच्या तंतुकणिकांत या चुका केंद्रकापेक्षा कितीतरी भराभर साठतात. विल्सन यांचं नाव पुढे ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’मुळे, म्हणजे आजच्या सगळ्या माणसांच्या आईकडून येणाऱ्या सामाईक पूर्वज-स्त्रीमुळे, गाजलं. पण त्याआधी, १९७४मध्ये, त्यांनी लिंडा मॅक्सन यांच्यासोबत झाडबेडकांच्या रक्तातल्या अल्ब्युमिनची तुलना केली होती आणि दिसायला सारखे असलेले बेडूक नात्याने जवळचे असतीलच असं नाही, हे सिद्ध केलं होतं. मॅक्सनबाईंचं नाव मात्र आज फारसं कुणी घेत नाही.

चुकांवरून नातं कसं कळतं? यासाठी बेडूक क्षणभर बाजूला ठेवून पुण्याला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जाऊ. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी विष्णु सीताराम सुकथनकरांपुढे देशभरातून आलेल्या पोथ्यांचा ढीग होता, आणि त्यांतल्या कुठल्याही दोन तंतोतंत जुळत नव्हत्या. एका आदिपर्वासाठीच साठेक पोथ्या ओळीओळीने ताडून पाहिल्या गेल्या. लेखनिकांची वृत्ती ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ अशी. मूळ पानावर माशी चिकटलेली दिसली, तर नकलेतही माशी! संपादकाला त्याचाच उपयोग होतो. दोन पोथ्यांत योग्य पाठ सारखा असला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण तो दोघींनीही मुळातूनच घेतलेला असू शकतो. पण एकच चमत्कारिक चूक दोघींत सापडली, तर दोघी एकाच प्रतीवरून उतरवलेल्या असणार. या हिशोबाने सुकथनकरांनी १९३३च्या खंडात आदिपर्वाच्या पाठपरंपरांची चक्क वंशावळ काढून दिली.

बेडूकवाले तेच करतात. तंतुकणिकेतला ‘१६एस’ नावाच्या जनुकाचा साडेपाचशे अक्षरांचा तुकडा म्हणजे पोथीचं एक पान. डझनावारी बेडकांची ही पानं शेजारी मांडायची आणि सामाईक चुका शोधायच्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत बाप, आजा, पणजा सापडतात. या पोथीत फक्त आई, आजी, पणजी.

या पद्धतीने, आणि जोडीला केंद्रकातली जनुकं घेऊन, २०१९मध्ये श्रीलंकेच्या झुडपी बेडकांचा जो इतिहास मांडला गेला, तो मला एखाद्या आख्यानासारखा वाटतो. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी हवामान थंड झालं, समुद्र ओसरला आणि भारत-लंका जमिनीने जोडले गेले. त्या वाटेने बेडूक लंकेत गेले आणि तिथे त्यांचा विस्तार झाला. मग ८८ लाख वर्षांपूर्वी, नैर्ऋत्य मोसमी पाऊस स्थिरावल्यावर, त्यांतली एक शाखा माघारी भारतात आली. आंबोलीच्या झुडपावर बसलाय तो या परतलेल्या शाखेचा वंशज.

इथवर आलं की मथळे सुचू लागतात : ‘डीएनएने उलगडलं बेडकांचं रहस्य!’ जरा थांबा. सुकथनकरांनाही एका गोष्टीने छळलं होतं. काही लेखनिक दोन पोथ्या समोर ठेवून तिसरी लिहीत. अशा मिश्र पोथीचं एकच पान वाचून वंशावळ काढली, तर ती हमखास चुकते.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. तिथे करड्या झाडबेडकांच्या दोन प्रजाती आहेत, दिसायला अगदी सारख्या. एकीत २४ गुणसूत्रं, दुसरीत दुप्पट, म्हणजे ४८. १९९४मध्ये तंतुकणिकेतलं एक जनुक वाचून निष्कर्ष निघाला, की हे दुप्पट होणं वेगवेगळ्या आयांच्या घरात, वेगवेगळ्या वेळी घडलं. तीनदा! अनेक वर्षं ही गोष्ट एकाहून अधिक वेळा जन्मलेल्या प्रजातीचं उदाहरण म्हणून सांगितली गेली. २०२२मध्ये केंद्रकातली शेकडो ठिकाणं वाचली गेली आणि वेगळंच चित्र दिसलं. दुप्पट होणं बहुधा एकदाच घडलं, आज नामशेष झालेल्या एका शाखेतून. नंतर दोन्ही प्रजातींत संकर होत राहिला आणि त्यातून निरनिराळे वंश तयार झाले. आईच्या पोथीत खोटं काही नव्हतं. तिच्यात बापाची बाजू लिहिलेलीच नसते, एवढंच.

आणि पोथीच हरवली तर? बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातले सी. आर. नारायण राव हे दक्षिण भारतातल्या बेडकांचे मोठे अभ्यासक. १९३७मध्ये त्यांनी एका निबंधात कितीतरी नव्या बेडकांची वर्णनं दिली. ज्या नमुन्यांवरून ती लिहिली, ते पुढे हरवले. नावं कागदावर राहिली, पण बाटल्या नाहीत, म्हणजे ताडून पाहायला काही नाही. रावांनी पाहिलेला बेडूक आजचा नेमका कोणता, या प्रश्नावर जगातली सगळी यंत्रं गप्प बसतात. नमुने जपणाऱ्या संग्रहालयांना पैसे द्यायची वेळ आली की ‘आता डीएनए आहे ना’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रावांना न्याय मिळाला तो वेगळ्या वाटेने. २०१०मध्ये झुडपी बेडकांच्या एका मोठ्या गटाला नवी कुळी मिळाली : राओर्केस्टिस. त्यातला ‘राओ’ म्हणजे आपले राव. ही कुळी मांडणाऱ्या निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे होते, आणि निबंध छापून आला ‘करंट सायन्स’मध्ये. १९३२मध्ये ते नियतकालिक निघालं तेव्हा त्याचे पहिले संपादक होते सी. आर. नारायण राव.

तर वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर. फोटोतले दोघे हेच असतील, तर सख्खे नाहीतच आणि चुलतही फार लांबचे. त्यांच्या वाटा तीन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या. आपण आणि चिंपांझी एकमेकांपासून दुरावलो, त्याला याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच काळ झालाय.

एक विनंती. पुढच्या वेळी फोटोबरोबर अर्धा मिनिट आवाजही रेकॉर्ड करून पाठवा. अमेरिकेतल्या त्या करड्या बेडकांच्या माद्या पोथी न उघडता, नुसत्या हाकेच्या लयीवरून आपला नर ओळखतात.