भोरच्या वाड्यात हेलियमचा सिनेमा

भोरच्या मुलांना शूटिंगचं फारसं अप्रूप नाही. राजवाड्याच्या दारात मोठाले दिवे लागले, चौकात घोडे आले, फेटे बांधलेली माणसं चहाच्या रांगेत उभी राहिली, की समजायचं, कुठल्या तरी ऐतिहासिक सिनेमाचं काम सुरू झालंय. पंतसचिवांचा हा लाकडी खांबांचा वाडा पडद्यावर कितीतरी वेळा दुसऱ्याच कुणाचा तरी महाल होऊन गेलाय. सिनेमा ऐतिहासिक म्हटला की बहुधा त्यात लढाई असते. मला मात्र फार वाटतं, की इथे एकदा शास्त्रज्ञांचा सिनेमा व्हावा.

असे सिनेमे निघतात बरं का! 2008 साली 'आइनस्टाइन अँड एडिंग्टन' नावाचा एक इंग्रजी सिनेमा आला. त्यातला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात आफ्रिकेजवळच्या एका बेटावर जाऊन ताऱ्यांचे फोटो घेतो आणि आइनस्टाइनचं म्हणणं पडताळून पाहतो. आपल्याकडे त्याच्याही 51 वर्षं आधीची ग्रहणाची एक गोष्ट आहे, आणि ती मला त्याहून थरारक वाटते.

तारीख 18 ऑगस्ट 1868, वार मंगळवार. त्या सकाळी चंद्राची दाट सावली कोकणकिनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणकडे सरकत गेली. भोर आणि वेल्हे या पट्ट्याच्या थोडे उत्तरेला राहिले, म्हणजे खग्रास ग्रहण काही आपल्या वाट्याला आलं नाही. पण पट्ट्याच्या बरोबर मध्ये पटवर्धनांचं जमखंडी संस्थान होतं, आणि तिथे जॉन हर्शेल नावाचा एक तरुण लेफ्टनंट दुर्बीण लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. जमखंडीचे प्रसंग भोरच्या वाड्यात छान घेता येतील. आणि ढग? ते वेल्ह्याला तोरण्याच्या पायथ्याशी ऑगस्टमध्ये हवे तेवढे मिळतील! कारण त्या दिवशी जमखंडीतही ढगांनीच छळ मांडला होता. काळोख होता पाच मिनिटांहून थोडा जास्त, आणि त्यातही सूर्य सारखा ढगाआड जात होता.

तरी एक फट मिळाली. काळ्या चंद्राच्या कडेला सूर्याच्या लालसर ज्वाला दिसल्या. हर्शेलने वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगवेगळे करून दाखवणारं उपकरण, त्यांच्यावर रोखलं. त्याला सलग इंद्रधनुष्य दिसलं नाही. दिसल्या फक्त तीन झगझगीत रेघा : लाल, नारिंगी आणि निळी.

या रेघा म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. भाताचं मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं, की निळी ज्योत एकदम पिवळी होते. हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलं असेल. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचा वायू तापला की तो ठरावीक रंगांचाच प्रकाश देतो. तो प्रकाश लोलकातून पसरवला की रेघा दिसतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की माणूस ओळखता येतो, तसं या रेघांवरून मूलद्रव्य ओळखता येतं. म्हणूनच 15 कोटी किलोमीटरवरचा सूर्य कशाचा बनला आहे, ते इथे बसून कळतं! ही युक्ती 1868 साली अगदी नवी होती, जेमतेम नऊ वर्षांची.

लाल आणि निळी रेघ हायड्रोजनची. तिसरी? हर्शेलला ती सोडियमची वाटली. तिची जागा जवळजवळ तीच होती.

या 'जवळजवळ'मध्येच सगळी गोष्ट आहे.

त्याच दिवशी गुंटूरला फ्रान्सचा झान्सन होता. पियेर झान्सन म्हणजे सिनेमासाठीच जन्मलेला माणूस. लहानपणच्या अपघातामुळे तो लंगडत चालायचा, पण ग्रहणासाठी कुठेही जायचा. पुढे 1870 मध्ये शत्रूने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा हा गडी बलूनमध्ये बसून शहराबाहेर निसटला. कशासाठी? तर अल्जीरियात ग्रहण पाहायला! आणि तिथे ढग आले. केवढं वाईट वाटलं असेल त्याला! गुंटूरला मात्र नशीब चांगलं होतं. ज्वालांच्या रेघा इतक्या तेजस्वी दिसल्या, की त्याच्या मनात आलं, या पाहायला ग्रहण लागतंच कशाला? दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्याने वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेला लावला आणि रेघा पुन्हा दिसल्या. ग्रहणाची पाच मिनिटं संपली होती, आता त्याला रोज सकाळ-संध्याकाळ पाहता येणार होतं.

इकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर हाच विचार करत बसला होता. वय 32, नोकरी युद्धखात्यात कारकुनाची, आणि फावल्या वेळात खगोलशास्त्र. त्याने मागवलेलं उपकरण उशिरा हातात पडलं. 20 ऑक्टोबरला त्यालाही ग्रहणाशिवाय रेघा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. वाद नाही, भांडण नाही. फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे शेजारी शेजारी कोरलेलं पदक काढलं. पडद्यावर हे दाखवलं तर लोकांना रचून सांगितल्यासारखं वाटेल, पण हे खरोखर घडलं.

आता पिवळ्या रेघेकडे या. हर्शेलने तिला नारिंगी म्हटलं तरी रेघ तीच. सोडियमच्या दोन रेघा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. सूर्यावरची ही रेघ होती 587.6 वर. फरक दीड नॅनोमीटरही नाही! मछलीपट्टणला गेलेल्या मद्रास वेधशाळेच्या पॉग्सनलाही ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही असं वाटलं होतं, पण त्याच्या अहवालाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. लॉकियरने मात्र ती पुन्हा पुन्हा मोजली. सोडियम नाही. मग हायड्रोजनचंच काही वेगळं रूप असेल का? रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडच्या मदतीने तेही करून पाहिलं. प्रयोगशाळेतल्या हायड्रोजनमधून ती रेघ काही निघेना. मग उरलं एकच : पृथ्वीवर कुणालाच न सापडलेलं मूलद्रव्य. ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून त्याला नाव पडलं हेलियम.

पुष्कळ शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. जी वस्तू कुणी बाटलीत भरलेली नाही, ती आहे असं कसं मानायचं? त्यांचा प्रश्नही रास्तच होता. सिनेमा काढणाऱ्याची खरी पंचाईत इथे होते, कारण पुढचा प्रसंग थेट 1895 चा आहे. मधे 27 वर्षं! त्या वर्षी रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसेने युरेनियमच्या खनिजातून एक वायू काढला. तो शोधत होता आर्गॉन, आणि वर्णपटात दिसली अनोळखी पिवळी रेघ. वायू नळीत भरून तो क्रुक्स या दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे गेला, लॉकियरकडेही गेला. क्रुक्सने मोजलं. सूर्यावरचीच रेघ! लॉकियर तोवर 58 वर्षांचा झाला होता.

हेलियम विजयदुर्गाच्या किल्ल्यावर सापडला, असं तुम्ही कदाचित ऐकलं असेल. 1868 चं ग्रहण तिथल्या आकाशात खग्रास होतं, हे खरं. पण लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता. तो विजयदुर्गाला आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, आणि 'मेल्पोमीन' या आरमारी जहाजावरच्या खलाशांना शिकवून त्याने वेधांच्या कामाला लावलं. ('साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखले जाणारे ओटे किल्ल्यावर आजही दाखवतात.) विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होतो असं मला वाटत नाही. हेलियम शोधणारा माणूस आपल्या किल्ल्यावर राहून काम करून गेला, एवढं पुरेसं मोठं आहे.

1898 च्या त्या ग्रहणाच्या दिवशीच करमाळा तालुक्यातल्या जेऊरला कोण होतं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल 40 फूट लांबीचा कॅमेरा उभारून बसला होता. आणि तिथेच होते आपल्या पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला, सायन्स कॉलेजातले, म्हणजे आजच्या सीओईपीतले प्राध्यापक. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी दिलेल्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती. 20 इंची आरशाची त्यांची दुर्बीण तेव्हा भारतातली सर्वांत मोठी.

सिनेमातला माझा सर्वांत आवडता प्रसंग या नायगमवालांचाच असेल. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेघ दिसते. लॉकियर म्हणायचा, ती मॅग्नेशियमची, आणि तसं असेल तर ती एका बाजूला पुसट पसरलेली दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून निरखून पाहिलं आणि सांगितलं : रेघ स्वच्छ, बारीक आहे. म्हणजे जगप्रसिद्ध लॉकियरचं म्हणणं चूक! तेही अशा लॉकियरचं, ज्याच्याकडून ते स्वतः ही विद्या शिकले होते. या हिरव्या रेघेलाही नवं मूलद्रव्य समजून लोकांनी 'नेब्युलियम' असं नाव देऊन टाकलं. 1927 मध्ये बोवेन या शास्त्रज्ञाने दाखवलं, की ती साध्या ऑक्सिजनची आहे, फक्त त्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. पिवळी रेघ नवी निघाली, हिरवी जुनीच. दोन्ही वेळा निकाल दिला तो काळजीपूर्वक मोजण्याने.

रेघा तुम्हालाही पाहता येतात. घरात पडून असलेली जुनी सीडी घ्या. रात्री तिची चकचकीत बाजू आधी पिवळ्या बल्बच्या, मग जुन्या सीएफएलच्या उजेडात तिरपी धरा. बल्बचे रंग एकात एक मिसळलेले दिसतील, सीएफएलचे तुटक पट्टे दिसतील. हे पट्टे वहीत रंगवून ठेवा. फक्त सीडी सूर्यासमोर धरून पाहू नका, डोळ्यांना कायमची इजा होते.

आणि एक तारीख लिहून ठेवा : 2 ऑगस्ट 2027. त्या दिवशी इजिप्त आणि अरबस्तानात खग्रास सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे दुपारनंतर ते खंडग्रास दिसेल. ग्रहणाचे खास चष्मे आधीच मागवून ठेवा. दिवस पावसाळ्याचे आहेत, तेव्हा भोर-वेल्ह्याच्या मुलांनी ढगांची तयारी ठेवूनच मैदानात जावं.