खेकड्याच्या डोळ्यातलं पंचांग

मृगाचा पाऊस लागला की पुण्याजवळच्या वेल्हे-भोरच्या ओढ्यांवर रात्री बॅटऱ्यांचे झोत फिरू लागतात. बांधातल्या बिळांतून खेकडे बाहेर पडलेले असतात. एखादी मादी हाती लागली तर अलगद उलटी करून बघा आणि सोडून द्या. पोटाखालच्या झाकणात इवलीइवली पिल्लं बिलगलेली दिसतील. समुद्रातल्या खेकड्यांसारखी पाण्यावर तरंगणारी अळी इथे नाही, अंड्यातून थेट खेकडाच बाहेर येतो, नांग्यांसकट!

आता जरा मागे हिशेब करा. अंडी अंगात पिकायची, मग पोटाखाली यायची, मग फुटायची. याला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे ही तयारी सुरू झाली तेव्हा ओढा ठणठणीत कोरडा होता. मग पाऊस येणार, हे अंगाला कळलं कुठून?

ऊन, ओल, खाणं या सगळ्यांचा त्यात हात असतो, पण ती सगळी लहरी. वर्षानुवर्षं एका मिनिटानेही न चुकणारी खूण एकच, दिवसाची लांबी. आपल्या या पट्ट्यात डिसेंबरातला दिवस सुमारे 11 तासांचा आणि जूनमधला सव्वातेरा. रोजचा फरक पडून पडून किती पडतो? फार तर एक मिनिट! एवढंसं मिनिट कोण मोजणार? पण खेकड्यांच्या भावकीत हे मोजमाप खरोखर चालतं. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या क्रिलला प्रयोगशाळेत दिव्यांनी लहान-मोठे दिवस दाखवले, तर त्याचं खाणं आणि प्राणवायू घेणंसुद्धा त्याप्रमाणे बदलतं.

मोजायला घड्याळ हवं, आणि ते जनुकांचं आहे. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. टाकी भरली की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो, पाणी उतरलं की नळ पुन्हा सुरू. पेशीत ‘पीरियड’ आणि ‘टाइमलेस’ ही जनुकं प्रथिनं बनवत राहतात. ती पुरेशी साठली की आपल्याच जनुकांचा नळ बंद करतात, मग विरतात, आणि नळ पुन्हा उघडतो. एक फेरी सुमारे 24 तासांची! फळमाशीत हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. याच घराण्यातली जनुकं खेकड्यातही आहेत.

पण घड्याळावरून ऋतू कसा कळावा? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन ब्युनिंग यांनी 1936 मध्ये एक सुरेख कल्पना मांडली. समजा, घड्याळ रोज ठरावीक वेळी एक खिडकी उघडतं, संध्याकाळी साडेसहाला म्हणा. डिसेंबरात तोवर सूर्य तोरणा गडाआड गेलेला असतो, खिडकीबाहेर काळोख. मे महिन्यात मात्र तिच्यातून उजेड आत येतो. उजेड आला की नाही, एवढ्यावरून ऋतू ओळखायचा!

आणि आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, कवच टाकण्याची. खेकड्याचा डोळा ज्या देठावर उभा असतो, त्या देठाच्या आत एक संप्रेरकांचं कोठार आहे. तिथून ‘थांब, कवच टाकू नकोस’ असा निरोप सतत शरीराला जात असतो. तो निरोप ओसरला की दुसरी ग्रंथी जागी होते, तिचं संप्रेरक पेशींत शिरून एका ग्राहक प्रथिनाला चिकटतं, आणि ते प्रथिन डीएनएवर बसून झोपलेली जनुकं एकामागून एक चालू करतं. जुन्या कवचाखाली नवं कवच तयार होऊ लागतं. डोरोथी ब्लिस या अमेरिकी संशोधिकेने जमिनीवरच्या खेकड्यांवर काम करून 1964 मध्ये दाखवलं की या कामाला अंधार, ओल आणि एकांत लागतो, भरपूर उजेडात ते अडून राहतं. म्हणजे बांधातलं बीळ हे नुसतं लपायचं ठिकाण नव्हे, ती बाळंतिणीच्या खोलीसारखी जपलेली जागा आहे!

आपल्याकडेही औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. आर. नागभूषणम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात ‘बॅरिटेलफुसा क्युनिक्युलॅरिस’ या आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या प्रजननाचा ऋतुक्रम तपासला.

डोळ्याच्या देठातलंच आणखी एक संप्रेरक खेकड्याच्या कातडीतला रंग पसरवतं. ते ओळखणारी प्रतिपिंडं संशोधकांनी फळमाशीच्या मेंदूवर वापरून पाहिली. रंगून उठल्या त्या नेमक्या तिच्या घड्याळाच्या पेशी!